मामाची वही

(या भागाचं शब्दांकन. बोलणं जसं झालं तसंच ठेवलंय. फक्त अडखळणं आणि चहाचे घोट काढलेत.)

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावा, कारण आज सगळं आवाजाबद्दलच बोलणार आहोत.

मध्यंतरी एका श्रोत्याचा मेसेज आला. त्यानं लिहिलं होतं, "दादा, कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या शोसाठी आम्ही चार मित्र मोबाईल आणि लॅपटॉप घेऊन बसलो होतो. रांगेत नंबर लाखांच्या पुढं. तिकीट काही मिळालं नाही. तुम्ही कधी कुणाच्या मागं असं वेड्यासारखं फिरलात का?"

मी नाही फिरलो. खरं सांगतो. पण माझा मामा फिरला. चाळीसहून जास्त वर्षं फिरला. एसटीनं, सायकलवर, टोमॅटोच्या पिकअपमध्ये मागं बसून. आणि तो कुठल्या बँडच्या मागं फिरला नाही. तो तमाशाच्या फडामागं फिरला.

आता "तमाशा" म्हटल्यावर तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी मनात एक रील लावली असेल. लाईट, डीजेवरचं गाणं, शिट्ट्या. थांबा जरा. तीस सेकंदांचा तमाशा आणि रात्रभराचा तमाशा यांत फरक आहे, आणि आजचा भाग त्या फरकाबद्दलच आहे. त्यात माझी एक चूक पण आहे. ती मधे येईलच.

टूरच्या तारखा कुठं लागतात?

आधी आमचा मुलूख सांगतो. मी जुन्नर तालुक्यातला, मामा शेजारच्या आंबेगाव तालुक्यातला. त्याचं गाव घोड नदीच्या काठाला. कांदा, बटाटा, टोमॅटो. तुम्ही पुणे-नाशिक रस्त्यानं गेला असाल तर मंचर लागतं, कळंब लागतं, मग नारायणगाव. नारायणगावला बरेच लोक टोमॅटोचं मार्केट म्हणून ओळखतात. पण महाराष्ट्रातल्या गावोगावच्या यात्रा कमिट्या त्याला वेगळ्या नावानं ओळखतात. तमाशाची पंढरी.

का? तर गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं राहुट्या पडतात. राहुटी म्हणजे फडाचं तात्पुरतं ऑफिस. बाहेर फडाच्या नावाचा मोठा बोर्ड, कलाकारांचे फोटो. आत गादी किंवा खुर्च्या, एक मॅनेजर, त्याच्यासमोर वही आणि पंचांग. गावोगावचे पंच येतात, या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, भाव काढतात, चहा पितात, उठून जातात, परत येतात. ठरलं की सुपारी. सुपारी म्हणजे बुकिंग, दुसरा अर्थ काढू नका!

भाव ठरतो तो तिथीवर. आमच्याकडं प्रत्येक गावाच्या यात्रेची तिथी ठरलेली. कुणाची चैत्र पौर्णिमा, कुणाची कालाष्टमी, कुणाची अक्षय्य तृतीया. कालाष्टमीला एकाच दिवशी कितीतरी गावांच्या यात्रा. फड मोजकेच. त्यामुळं तोच फड, तेच कलाकार, पण त्या दिवशीचा भाव एकदम वर.

तर मामा पाडव्याला काय करायचा? सकाळी घरची गुढी उभी करायची, कडुलिंबाचा पाला खायचा आणि नारायणगावची एसटी पकडायची. तो यात्रा कमिटीत होता तेव्हा कामासाठी जायचा. कमिटीतून सुटला तरी जायचाच. राहुटीत जाऊन मॅनेजरला विचारायचा, "बाई यंदा कुठं कुठं आहेत?" मॅनेजर वही फिरवायचा आणि मामा स्वतःच्या वहीत उतरवून घ्यायचा. द्वादशीला हे गाव, पौर्णिमेला ते गाव, पंचमीला घाटाच्या पलीकडं.

तुम्ही आज इन्स्टावर तुमच्या गायकाच्या टूरच्या तारखांचं पोस्टर सेव्ह करता ना? अगदी तेच. फक्त मामाकडं ते पंचांगातल्या तिथ्यांत होतं.

नवा वग म्हणजे नवा अल्बम

ज्यांनी कधी पूर्ण तमाशा पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं घेतो.

तमाशा सुरू होतो गणानं. गणपतीला नमन. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज, आणि मागं सूर धरणारे झीलकरी. मग गवळण. कृष्ण, पेंद्या, मावशी, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी आणि त्यांची अडवणूक. मग बतावणी, म्हणजे सोंगाड्या आणि सरदाराची जुगलबंदी, त्यात त्या त्या गावच्या सरपंचापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना चिमटे. मग रंगबाजी, लावण्या, गाणी. आणि शेवटी वग. वग म्हणजे कथा, नाटकच म्हणा. राजाराणीचा, इतिहासातला, नाहीतर आजच्या घराघरातला. पूर्वी वग संपेपर्यंत तांबडं फुटायचं.

आता मजा बघा. फडाचा हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होतो. आधी कनातीतले तिकिटाचे खेळ, गावं फिरत फिरत. मग चैत्र-वैशाखात यात्रांच्या सुपाऱ्या. पाऊस आला की फड घरी. आणि त्या पावसाळ्यात पुढच्या हंगामाच्या तालमी. नवा वग बसतो, नव्या गवळणी बांधल्या जातात. म्हणजे जुन्या रसिकाला दसऱ्याआधी एकच प्रश्न, "यंदा त्यांचा वग कोणता?" तुम्ही जसं विचारता, "अल्बम कधी ड्रॉप होतोय?"

आणि ही गाणी कोण लिहितं? फडातलेच लोक. तमाशात लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा एकच असणं ही जुनी गोष्ट आहे. पठ्ठे बापूरावांचं नाव ऐकलंय का? मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे. जन्म १८६६चा. जोशीपण-कुलकर्णीपण सोडून तमाशात आले, लावण्या रचल्या, 'मिठाराणी'सारखा वग लिहिला, स्वतःचा फड काढला, पवळाबाईंबरोबर महाराष्ट्र हलवून सोडला. इंग्रजीत ज्याला सिंगर-साँगरायटर म्हणतात ना, ते आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीतून टूर करत होते. आणि म्हातारपणी हालात गेले. १९४५ साली. हा शेवट लक्षात ठेवा, परत येणार आहे.

मामाचा जीव जिच्यावर, ती बाई पण स्वतः गवळणी बांधते. मी तिचं नाव इथं घेत नाही. तिला विचारलेलं नाही म्हणून. आपण "बाई" म्हणू. आमच्याकडं फडातल्या गाणाऱ्या बाईला मानानं बाईच म्हणतात.

वहीत काय आहे

मामाची वही मी पहिल्यांदा नीट वाचली ती लॉकडाऊनमध्ये. आठवतंय ना, २०२०चा गुढीपाडवा कोणत्या दिवशी होता? २५ मार्च. देशभरचा लॉकडाऊन सुरू झाला तोच दिवस. राहुट्या रिकाम्या. ठरलेल्या सुपाऱ्या रद्द. एकेका फडात शंभराच्या घरात माणसं असतात. नाचणाऱ्या, गाणारे, वाजवणारे, ड्रायव्हर, आचारी, तंबू ठोकणारे. अख्ख्या वर्षाची कमाई ज्या दीड-दोन महिन्यांवर, तेच गेले. कलाकारांनी आधी उचल घेतलेली, मालकांनी कर्ज काढलेलं. वाटलं पुढच्या वर्षी भरून निघेल. तर २०२१ला पाडवा १३ एप्रिलला, आणि त्याच आठवड्यात परत राज्यभर निर्बंध.

त्या दिवसांत मामा ओट्यावर बसून जुन्या वह्या चाळायचा. मी शेजारी. पाच रकाने. तिथी, गाव, फड, वग, शेरा. शेऱ्यात काय लिहिलेलं सांगू?

"पाऊस. वग अर्धा."

"सोंगाड्या नवीन. बरा आहे, घाई करतो."

"बाईंचा घसा बसला. तरी गवळण पूर्ण म्हटली."

"तीच गवळण, चाल बदलली. पहिली बरी होती." आणि पुढच्याच पानावर, "चुकलो. नवी चाल बरी आहे."

मी हसलो. म्हटलं, "मामा, तू तर संगीत समीक्षक निघालास की." तो म्हणाला, "समीक्षक बिमीक्षक काय नाय रे. चुकलो तर लिहून ठेवावं, एवढंच."

बघा, एकच गवळण त्यानं तिच्या तोंडून शंभर वेळा तरी ऐकली असेल. मी विचारलं, "कंटाळा नाही येत?" तर म्हणाला, "तीच कुठं असते? त्या गावचा माणूस बघून ती शब्द फिरवते. तरणी असताना ती गवळणीत कृष्णावर चिडायची. आता हसते. शब्द तेच हायेत, पण बाई वेगळी हाय."

मला तेव्हा बॉब डिलन आठवला. अमेरिकेचा गायक-गीतकार, जन्म १९४१, नोबेल पण मिळालंय त्याला, २०१६चं साहित्याचं. १९८८पासून तो जवळपास सतत दौऱ्यावर आहे. तीन हजारांहून जास्त कार्यक्रम झालेत. आवाज केव्हाच खरखरीत झाला. जुनी गाणी अशी बदलून म्हणतो की अर्धं गाणं झाल्यावर लोकांना कळतं की हे ते गाणं होय! काही जण चिडून उठून जातात. आणि काही जण त्याच्याच मागं गावोगाव जातात, आज त्यानं काय बदललं ते ऐकायला. २०२०मध्ये त्यानं नवा अल्बम काढला आणि त्या दौऱ्यात प्रेक्षकांचे मोबाईल दारातच पिशवीत बंद करायला लावले. ज्या माणसाला हवी ती जाहिरात मिळू शकते, तो म्हणतोय, मोबाईल बंद करा आणि ऐका.

मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, "शहाणा माणूस हाय. कुठल्या फडाचा म्हणालास?"

माझी चूक

आता माझ्यावर येतो.

यात्रा परत सुरू झाल्या. बैलगाडा शर्यतींवरची बंदीही डिसेंबर २०२१मध्ये उठली होती, त्यामुळं आमच्या भागात पुन्हा तोच जुना थाट. दिवसा घाटात बैलगाडे, भंडारा, "झाली" म्हणून ओरडणारा निवेदक, आणि रात्री तमाशा. मामाच्या गुडघ्यांनी संप केलेला, म्हणून मीच त्याला गाडीवरून एका गावाला घेऊन गेलो. बाईंचा फड होता.

गण झाला, गवळण सुरू झाली. बाई आल्या. साठीच्या पुढच्या. नऊवारी, ठसठशीत कुंकू. पहिली ओळ धरली आणि मागून पोरांचा आवाज, "ए म्हातारे, बस खाली! गाणं लावा, गाणं!" शिट्ट्या. त्यांना ट्रेंडिंगवालं गाणं पाहिजे होतं. बाईंनी ओळ परत धरली. परत आरडाओरडा. मॅनेजरनं इशारा केला, बाई एक कडवं म्हणून आत गेल्या, आणि तरुण मुलींचा नाच सुरू झाला.

आणि मी काय करत होतो? मी मोबाईल धरून उभा होतो. बाई गात असताना माझा मोबाईल खाली होता. नाच सुरू झाला तसा वर गेला. घरी येऊन तीस सेकंद कापले, कॅप्शन टाकलं, "जुन्नरी तमाशा, नाद खुळा." फॉलोअर्स वाढले. मी खूष. खाली कमेंटमध्ये लोकांनी त्या मुलींबद्दल काय काय लिहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. कुणाचं नाव मी लिहिलं नव्हतं. फडाचं नाही, ढोलकीवाल्याचं नाही, त्या मुलींचं तर नाहीच. त्या रात्री बाईंनी म्हटलेली नवी गवळण, जी ऐकायला मामा आला होता, तिचं एक कडवं झालं आणि ते माझ्याकडं नाही. माझ्या मोबाईलमध्ये त्याऐवजी स्पीकरवर वाजणारं दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं आहे.

मामा त्या रात्री गाडीवर काही बोलला नाही. घराजवळ आल्यावर फक्त म्हणाला, "सकाळी हजेरीला येणार का?"

हजेऱ्या माहीत आहेत का? आमच्याकडं यात्रेच्या पत्रिकेत लिहिलेलं असतं, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या. रात्रीचा फड जाण्याआधी सकाळी देवळापुढं परत गातो. लाईट नाही, डीजे नाही. मंडपाखाली सतरंजी आणि म्हातारी माणसं.

गेलो. पन्नासेक माणसं असतील. रात्री किती होती विचारू नका. ढोलकी, तुणतुणं, झांज, आणि बाई. रात्री अडवलेली ती गवळण त्यांनी तिथं पूर्ण म्हटली. आवाज वरच्या सुराला फाटत होता. फाटला की त्या थांबायच्या नाहीत, तिथंच जरा खाली येऊन ओळ फिरवायच्या, आणि पुढं बसलेली म्हातारी माणसं मान हलवायची. मामानं डोळे मिटले होते.

संपल्यावर तो उठला, धोतराच्या सोग्यातून नोट काढली, हातात उंच न नाचवता नीट त्यांच्या हातात दिली. बाई म्हणाल्या, "दादा, यंदा दिसला न्हाय कुठं? मला वाटलं, गेलात का काय!"

मामा म्हणाला, "गुडघे गेलेत बाई, मी हाय अजून."

"मग बरं हाय. माझा आवाज गेला, मी हाय अजून."

दोघं हसले. चाळीस वर्षांची ओळख, आणि माझ्या माहितीप्रमाणं एवढंच बोलणं व्हायचं दरवर्षी.

मी गाडीवर बसायच्या आधी ती रील डिलीट केली. फार मोठं काही केलं असं नाही. ज्यांनी डाऊनलोड केली त्यांच्याकडं ती आहेच.

विठाबाईंचं गाव

हे सगळं नारायणगावच्या परिसरात घडतं म्हणून जास्त टोचतं. कारण हे विठाबाईंचं गाव. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. आजोबा नारायण खुडे यांनी फड काढला, पुढं वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो गाजवला, आणि मग विठाबाईंनी. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला त्यांचा. त्यांची ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दिवस भरलेले असताना खेळ चालू होता, कळा आल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या. लोकांना कळलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितला.

आपण ही गोष्ट नेहमी "केवढी जिद्द!" म्हणून सांगतो. मी पण सांगायचो. पण मामा म्हणतो, "जिद्द होतीच. पण त्या अवस्थेत तिला उभं का राहावं लागलं, ते कोण विचारतं?"

विठाबाई १५ जानेवारी २००२ला गेल्या. शेवटची वर्षं ओढगस्तीची होती. दवाखान्याच्या खर्चासाठी लोकांनी मदत गोळा करावी लागली. आणि २००६पासून महाराष्ट्र सरकार त्यांच्या नावानं तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. संगमनेरच्या कांताबाई सातारकरांना तो मिळाला. आंबेगावातल्या अवसरीचं नाव लावणारे वसंत अवसरीकर यांना मिळाला. विठाबाईंच्या लेकीला, मंगला बनसोडे यांनाही मिळाला. चांगलंच आहे. पण पठ्ठे बापूरावांचा शेवट आठवा, विठाबाईंचा आठवा. हजारो माणसं ज्यांच्यासाठी रात्र रात्र बसली, त्यांच्या म्हातारपणी ती हजारो माणसं कुठं होती?

आणि एक गोष्ट बोलायलाच हवी. विठाबाईंच्या नावात जात आहे, फडाच्या नावात होती. तमाशा जगवला तो मुख्यतः मांग, महार, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी. समोर बसून दौलतजादा उधळणारे बरेचसे गावचे मोठे लोक. नोट हातात देताना बोट लागलं तर चालायचं, आणि सकाळी त्याच माणसाला ओट्यावर पाणी द्यायचं तर भांडं वेगळं. मी मामाला सरळ विचारलं, "आपल्या घरी काय होतं?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझ्या बापानं फडातल्या माणसाला कधी ओट्यावर बसवलं नाय. मी बसवलं, पण उशिरा. वहीत ते नाय लिहिलं मी. लिहायला पाहिजे होतं."

त्याच्या वहीतला शेऱ्याचा रकाना मला त्या दिवशी पहिल्यांदा कमी वाटला.

आजीचा तमाशा

अजून एक फॅन सांगायचा राहिला. माझी आजी, मामाची आई.

तिनं आयुष्यात एकही तमाशा पाहिला नाही. बायकांनी जायचंच नाही, हा नियम. मामा आणि आजोबा घोंगडी घेऊन निघायचे, आणि आजी घरी. पण यात्रेचं मैदान घरापासून लांब नव्हतं. उन्हाळा, सगळे अंगणात झोपलेले. वारं इकडून असलं की अख्खा तमाशा अंगणात ऐकू यायचा. पोरं झोपली की आजी उशाला हात घेऊन ऐकत पडायची.

तिला त्या बाईंच्या सगळ्या गवळणी पाठ होत्या! दळताना, भाकरी थापताना म्हणायची. मामानं एकदा घरी गवळण चुकीची म्हटली तर आजीनं चुलीपुढून शब्द दुरुस्त केला. आजोबा बघतच राहिले. म्हणाले, "तुला कसं माहीत?" आजी म्हणाली, "मी रोज गेल्तेच की तमाशाला. तुम्हांला दिसले नाय."

पुढं मामानं तिला कॅसेट आणून दिल्या. तेव्हा वगांच्या, गवळणींच्या कॅसेट निघायच्या. पण बाईंची कॅसेट कधी निघालीच नाही. म्हणजे बाईंचा एकही अल्बम नाही. चाळीस हंगाम, कितीतरी गवळणी, आणि रेकॉर्डवर शून्य. जे आहे ते आजीच्या तोंडात होतं, ती गेली. आता मामाच्या वहीत फक्त पहिल्या ओळी आहेत.

आजी बघा, तुमच्यासारखीच होती. चित्र नाही, नुसता आवाज. अंधारात पडून कान देऊन ऐकणारी. म्हणून हा भाग मला पॉडकास्टवरच करायचा होता. व्हिडिओ नको होता.

तर मग आपण काय करायचं?

मी उपदेश करणार नाही. स्वतः काय ठरवलंय तेवढं सांगतो.

एक. गणाला पोचायचं. आता रात्री दहानंतर स्पीकरला बंधन असतं, त्यामुळं खेळ लवकर सुरू होतात आणि आवरते घ्यावे लागतात. कापलं जातं काय? गवळण आणि वग. आपण उशिरा जाऊन फक्त गाण्यांना शिट्ट्या मारल्या तर फडमालक तरी वग कशाला ठेवेल? त्याला शंभर माणसं जेवू घालायची आहेत. तो आपल्याकडं बघूनच ठरवतो.

दोन. नाव विचारायचं. कोणता फड, वग कोणता, लिहिला कुणी, ढोलकीवर कोण. मुक्कामाच्या जागी जाऊन विचारलं तर लोक प्रेमानं सांगतात. काही पोस्ट करायचं असेल तर आधी कलाकाराला विचारून, आणि नावासकट.

तीन. कनातीत तिकीट काढून जायचं. दसऱ्यानंतर फड बाहेर पडतात. यात्रेतला तमाशा गावाच्या वर्गणीतून असतो, आपल्याला फुकटच. तिकिटाचे पैसे मात्र थेट फडाच्या गल्ल्यात जातात. कोल्डप्लेच्या तिकिटाएवढे लागणार नाहीत, शब्द देतो.

चार. घरातल्या बायकांना घेऊन जायचं. माझी बहीण यंदा आली. हजेरीला, पहिल्या रांगेत बसली. कुणी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी ती उठली नसती.

आणि पाचवं, जे आता चालू आहे. बाईंना आम्ही विचारलं, तुमच्या गवळणी रेकॉर्ड करू का? मामानंच विचारलं, हजेरीनंतर. त्या म्हणाल्या, "आता? आता काय राहिलंय गळ्यात?"

मामा म्हणाला, "बाई, जे राहिलंय ते."

त्या हो म्हणाल्या, पण अट घालून. म्हणाल्या, पावसाळ्यात या, फड घरी असतो. ढोलकीवाला माझाच पाहिजे, आणि त्याला पैसे वेगळे द्यायचे. आणि गवळण कुणाची म्हणून माझं नाव आधी लिहायचं, मग बाकीचं. तिन्ही अटी मान्य केल्यात. त्यांची परवानगी असेल तर, आणि त्या म्हणतील तेवढंच, इथं ऐकवू. आवाज फाटलेला असेल. चालेल ना तुम्हांला?

मामानं या हंगामाचं वहीतलं शेवटचं पान परवा दाखवलं. तिथी, गाव, फड. वगाच्या रकान्यात रेघ, कारण वग झालाच नाही. शेऱ्यात लिहिलंय, "गवळण नवी. रात्री पोरांनी अडवली. सकाळी पूर्ण. भाचा बरोबर होता."

चला मंडळी, थांबतो. पावसाळ्यात भेटूच बाईंच्या घरून. तोवर तुमच्या घरात कुणाकडं अशी वही, अशी एखादी पाठ असलेली गवळण असेल, तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. मला मेसेज नंतर करा.

राम राम.